विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले

मराठीतलं सगळ्यात धोकादायक वाक्य कुठलं असं कोणी विचारलं तर मी आमच्या सोसायटीचं इतिवृत्ताचं रजिस्टर उघडून दाखवीन. 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली. विषय पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले.' बास, एवढंच. तुमच्या सोसायटीच्या रजिस्टरमध्येही हे वाक्य असणार, अगदी याच शब्दांत. जणू सहकार खात्याने रजिस्टरबरोबर छापूनच दिलंय.

आधी व्याकरण बघा. 'ठरले'. या वाक्यात कर्ताच नाही. पाऊस पडला, दिवे गेले, तसं ठरलं. 'आम्ही ठरवलं' असं लिहिलं असतं तर हे आम्ही कोण, बाजूने किती, विरोधात किती, हे विचारता आलं असतं. 'ठरले' म्हटलं की कोणाला विचारणार? आणि वर 'सर्वानुमते'. म्हणजे जो माणूस तावातावाने विरोध करत होता तोही यात आला, आणि जो मागच्या खुर्चीवर पेपर वाचत होता तोही.

मागच्या पावसाळ्यात दोन वीकांत खर्चून मी २०१६ ते २०२४ या नऊ वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचून काढली आणि एका एक्सेल शीटमध्ये भरली. (बायकोच्या मते याला हौस म्हणत नाहीत, वेगळा शब्द आहे.) आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, तीन विंग, ४८ सभासद, बांधकाम १९८९ चं. निघालेला विदा असा: कन्व्हेयन्सचा विषय नऊच्या नऊ सभांत आला. स्ट्रक्चरल ऑडिटचा सहा सभांत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा पाच सभांत. या सगळ्यांचा निकाल एकच, पुढील सभेत. आणि नऊ वर्षांत 'ठराव नामंजूर' किती वेळा? शून्य. एकदाही नाही. आमच्या सोसायटीने आजवर कोणालाही, कशालाही नाही म्हटलेलं नाही. गेटचा रंग आणि सीसीटीव्ही मात्र पहिल्याच सभेत मंजूर. २०२० ची वार्षिक सभा तर करोनामुळे सरकारनेच ३१ मार्च २०२१ पर्यंत पुढे ढकलायची सवलत दिली होती. ती आम्ही मार्चमध्ये ऑनलाइन घेतली, आणि तिच्यातही विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले. एवढी उशिरा झालेली सभासुद्धा पुढच्या सभेवर ढकलायचं कौशल्य आमच्याकडे आहे.

आता मुद्दा. पुढे ढकलणे हा एक निर्णय आहे. तो घ्यायला माझी हरकत नाही, खूपदा तोच बरोबर असतो. पण तो निर्णय म्हणून घ्या. सूचक कोण, अनुमोदक कोण, कोणत्या तारखेपर्यंत, कशासाठी, आणि तोवर कोण काय करणार, एवढं लिहा आणि हात वर करून मतं मोजा. हे करायचं नसेल तर सरळ 'नामंजूर' लिहा. तिसरा पर्याय, जो आपण सगळे वापरतो, तो बंद झाला पाहिजे.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. दीडशे वर्षांपूर्वी एका अभियंत्यानेच यावर डोकं चालवून ठेवलंय. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तेव्हाची, १८६३ सालची गोष्ट. हेन्री मार्टिन रॉबर्ट हा लष्कराच्या अभियांत्रिकी दलातला तरुण अधिकारी तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावी होता. तिथल्या बॅप्टिस्ट चर्चच्या सभेचं अध्यक्षपद अचानक त्याच्या गळ्यात पडलं. सभा कशी चालवतात हे त्याला ठाऊक नव्हतं आणि सभेचा पार विचका झाला. दुसरा कोणी असता तर घरी जाऊन झोपला असता. हा पडला इंजिनिअर. त्याने ठरवलं की हे शिकल्याशिवाय पुन्हा सभेला जायचं नाही. मग त्याने नियम गोळा केले, पुढे सॅन फ्रान्सिस्कोला बदली झाल्यावर पाहिलं की वेगवेगळ्या राज्यांतून आलेल्या माणसांच्या सभेच्या कल्पनाही वेगवेगळ्या आणि भांडणं त्यावरूनच, आणि शेवटी १८७६ मध्ये पदरमोड करून चार हजार प्रती छापल्या. तेच ते 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर'. (हाच रॉबर्ट पुढे, १९०० च्या चक्रीवादळात गॅल्व्हेस्टन शहर वाहून गेल्यावर, तिथली समुद्राची भिंत आखणाऱ्या तीन अभियंत्यांच्या मंडळात होता. म्हणजे भिंती आणि सभा या दोन्ही गोष्टी त्याला कळत होत्या. आपल्या सोसायट्यांना नेमका असाच माणूस हवाय.)

चर्चच्या मंडळीची सभा म्हणजे आपल्या सोसायटीच्या सभेची सख्खी बहीण समजा. दोन्हीकडे ज्याच्याशी आज भांडलो तो उद्या सकाळी समोर भेटणार असतो. त्यामुळे तोंडावर नाही म्हणणं जड जातं आणि सगळे 'नंतर बघू'च्या आडोशाला जातात. रॉबर्टने केलं काय, तर या 'नंतर बघू'चे तीन तुकडे केले.

पहिला तुकडा: विषय तात्पुरता बाजूला ठेवणे. मधेच काहीतरी तातडीचं आलंय, समजा पाहुण्या वक्त्याची गाडी चुकतेय, तर हातातला विषय क्षणभर बाजूला ठेवा आणि मग पुन्हा उचला. यावर चर्चा नाही, लगेच मतदान. आणि ठराविक मुदतीत, म्हणजे साधारणपणे पुढची बैठक संपेपर्यंत, कोणी तो उचलला नाही तर ठराव मेला.

दुसरा: ठराविक वेळेपर्यंत पुढे ढकलणे. इथे चर्चा करता येते, पण फक्त ढकलावं की नाही आणि कधीपर्यंत यावर. ढकलायची मर्यादा पुढच्या बैठकीपर्यंतच. आणि मुख्य म्हणजे ती वेळ आली की विषय आपोआप सभेपुढे येतो, तो पुन्हा आणायला कोणाच्या पाया पडावं लागत नाही.

तिसरा: बेमुदत पुढे ढकलणे. हा नावाला ढकलणे आहे, प्रत्यक्षात खून. म्हणून रॉबर्ट म्हणतो, असं करायचं असेल तर मूळ विषयावर पूर्ण चर्चा करायची मुभा द्या. ठराव मारायचाय ना? मग तो का मारायचा हे सगळ्यांसमोर बोला.

आता आपल्या सभेत काय होतं बघा. पहिल्याची घाई, म्हणजे चर्चा नको, दीड वाजत आला, जेवायचंय. दुसऱ्याची भाषा, पुढील सभेत. आणि तिसऱ्याचा परिणाम. तिन्हीतलं सोयीचं तेवढं घेतलं आणि जबाबदारी एकाचीही घेतली नाही. बग ट्रॅकरमध्ये 'डिफर्ड' आणि 'करणार नाही' असे दोन वेगळे शेरे असतात ते उगाच नसतात. डिफर्डच्या पुढे कुठल्या रिलीजमध्ये ते भरल्याशिवाय आमच्या हापिसात फॉर्म सेव्ह होत नाही. सोसायटीच्या रजिस्टरला तसा कंपल्सरी रकाना नाही, हीच अडचण.

(जाता जाता: या बाबतीत भाषाही आपल्याशी खेळते. इंग्रजांच्या लेखी एखादा विषय टेबलावर ठेवणे म्हणजे चर्चेला घेणे आणि अमेरिकनांच्या लेखी बासनात गुंडाळणे. दुसऱ्या महायुद्धात यावरून दोस्तांच्या बैठकीत वाद झाल्याचं चर्चिलने लिहून ठेवलंय. आपण इंग्रजांचे शिष्य, म्हणून आपल्याकडे कागद 'सभागृहाच्या पटलावर' ठेवला जातो तो लोकांनी बघावा म्हणून. आणि विधिमंडळातला 'स्थगन प्रस्ताव' ऐकून वाटतं की काहीतरी लांबणीवर टाकायचंय, तर तो असतो ठरलेलं कामकाज बाजूला सारून तातडीचा विषय आत्ताच्या आत्ता घ्या म्हणून. असो.)

बरं, रॉबर्ट परका, त्याचे नियम आपल्याला लागू नाहीत, मान्य. मग आपले उपविधी काढा. सहकार खात्याचे आदर्श उपविधी बहुतेक सोसायट्यांनी जसेच्या तसे स्वीकारलेले असतात आणि बहुतेक सभासदांनी ते वाचलेले नसतात. त्यात साफ लिहिलंय की विषयपत्रिकेवरचं काम त्या दिवशी पुरं झालं नाही तर सभा पुढे ढकला, पण सभेच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत, आणि ती तारीख हजर सभासदांनी ठरवायची. पुन्हा वाचा. तीस दिवस. हजर सभासदांनी. सेक्रेटरीने नाही, समितीने नाही, 'नंतर कळवण्यात येईल' तर नाहीच नाही.

आमच्याकडे 'पुढील सभा' म्हणजे पुढची वार्षिक सभा. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे आपण घेतो ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे ३६५ दिवसांनी. आणि तेव्हा तो विषय आपोआप समोर येतो का? छे. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी काढायची असते आणि तिच्यात कुठले विषय घालायचे ते समिती ठरवते. समितीच्या मनात नसेल तर विषय येतच नाही, आला तर संकीर्णात, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' या गाळात, जेव्हा वडे आलेले असतात. माझ्या शीटमध्ये ऑडिटचा विषय नऊपैकी तीन वर्षं गायब आहे तो असा. कोणी काढला नाही, कोणी घातला नाही, एवढंच.

या सगळ्यात मला चिडवतं ते हे, की खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून आपण ज्याला पुढे ढकलतो तो विषय आपल्या डोक्यावरच्या स्लॅबचा असतो. सिमेंट काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं आणि तेच आतल्या सळईचं गंजण्यापासून रक्षण करतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, अल्कता उतरते, आणि एक दिवस सळईचं कवच जातं. खाडीकाठची खारी हवा असेल तर त्यात क्षारांची भर. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, ते फुगतं, वरचं काँक्रीट फोडतं, फटीतून पाणी शिरतं आणि गंज आणखी वेगाने चढतो. ही रेषा सरळ नाही, वर वळत जाणारी आहे. डी सिटर नावाच्या अभियंत्याने १९८४ मध्ये यावर पाचाचा एक ढोबळ नियम मांडला होता. बांधताना जिथे एक रुपया वाचवला तिथे वेळेवरच्या देखभालीला पाच, तीही टाळली तर दुरुस्तीला पंचवीस, आणि त्याही पुढे गेलं तर सव्वाशे. आकड्यावर वाद घालता येईल, रेषेच्या आकारावर नाही.

आणि आपली तयारी? सिंकिंग फंड म्हणजे बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का, वर्षाला. समजा १९८९ मध्ये तुमच्या फ्लॅटचा बांधकामखर्च एक लाख होता, तर वर्षाला २५० रुपये. महिन्याला २१ रुपयेसुद्धा होत नाहीत. तीस वर्षांत मुद्दल साडेसात हजार. आज तेवढ्यात गच्चीवर मचाणसुद्धा बांधून मिळणार नाही. हा दर वाढवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. तो विषयही आमच्याकडे दोनदा आला होता. काय ठरलं ते सांगायला नकोच.

ऑडिटचं वेळापत्रकसुद्धा आदर्श उपविधींमध्ये आहे. १५ ते ३० वर्षांची इमारत असेल तर ५ वर्षांतून एकदा, ३० च्या वर असेल तर ३ वर्षांतून एकदा. म्हणजे आमच्या १९८९ च्या इमारतीत 'ऑडिट करावे काय?' हा प्रश्नच सभेपुढे यायचं कारण नाही. कोणाकडून करावं आणि किती पैसे द्यावेत एवढंच सभेने ठरवायचं. आपण मात्र करावं की नाही यावर गुऱ्हाळ घालतो, आणि मग तेही पुढच्या सभेत.

ठाकुर्लीत २८ जुलै २०१५ च्या रात्री इमारत कोसळून ९ माणसं गेली. त्याला आठवडा होतो न होतो तोच ४ ऑगस्टच्या पहाटे ठाण्यात नौपाड्यात जुनी इमारत पडली, १२ गेली. कल्याण पूर्वेला २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्याचा स्लॅब खालपर्यंत कोसळत गेला, ६ गेली. या प्रत्येकाची कारणं वेगळी, मालकीचे गुंते वेगळे, आणि त्यांचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. पण दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशा प्रती असतात, आणि सी-१ म्हणजे आधी रिकामी करा मग बोलू. सी-३ ची सी-१ होते ती मधल्या वर्षांत. ती वर्षं कुठे गेली हे शोधायचं असेल तर इतिवृत्तं वाचा.

सरकारलासुद्धा या रोगाची कल्पना आहे, गंमत म्हणजे. पुनर्विकासाबाबत कलम ७९अ खाली ३ जानेवारी २००९ ला जे निर्देश निघाले त्यात अशी तरतूद होती की विशेष सभेला तीन-चतुर्थांश गणपूर्ती झाली नाही तर सभा आठ दिवस तहकूब करायची, आणि तेव्हाही झाली नाही तर सभासदांना पुनर्विकासात रस नाही असं समजून सभा रद्द करायची आणि पुढे वर्षभर तो विषय संमतीसाठी आणायचा नाही. (२०१९ च्या सुधारित निर्देशांत गणपूर्ती दोन-तृतीयांशावर आणि संमती ५१ टक्क्यांवर आली.) कडक वाटतं, पण प्रामाणिक आहे. न येण्याचा अर्थ काय होतो ते आधीच लिहून ठेवलंय. तुम्ही घरी बसलात म्हणजे तुम्ही नाही म्हणालात.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकांचा, आणि तो मी त्यांच्याइतक्याच जोरात मांडतो. ते म्हणतात, "अरे, ही काय विधानसभा आहे का? इथे मतदान घेतलंस की दोन तट पडतात. तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या लग्नामुंजीत जेवलोय. एखादा विषय थोडा लांबला तर लांबू दे, माणसं सांभाळायला हवीत." शिवाय संस्कृतचा टेकू आहेच, अशुभस्य कालहरणम्. यात तथ्य आहे. सोसायटीत ५१ विरुद्ध ४९ ने जिंकलेला ठराव पुढे कधी अंमलात येत नाही, वर्गणी कोणी देत नाही आणि जिन्यात कोणी बोलत नाही.

पण काका, माणसं सांभाळली जातायत का? चौथ्या मजल्यावर ज्यांच्या बेडरूममध्ये सहा पावसाळे बादली लावलेली आहे त्या बाईंना विचारा. त्यांचा विषय पाच वेळा 'पुढील सभेत' गेला. त्यांना कोणी नाही म्हटलं असतं तर त्या उपनिबंधकांकडे गेल्या असत्या, सहकार न्यायालयात गेल्या असत्या, निदान स्वतःच्या खर्चाने पत्रे घातले असते. तुम्ही त्यांना नाही म्हटलं नाहीत, म्हणून त्या वाट बघत बसल्या. सामोपचाराचा हिशोब करताना गच्चीखाली राहणाऱ्याची बादली त्यात धरायची की नाही? तळमजल्यावरच्याला लांबणीवर टाकणं फुकट पडतं, चौथ्यावरच्याला नाही. आणि मतदान घ्यायचंच नाही असा आग्रह नेहमी तळाच्या दोन मजल्यांवरूनच का येतो, हेही शीटमध्ये बघता आलं असतं, पण तेवढा रकाना मी मुद्दाम ठेवला नाही. ह. घ्या.

दुसरा आक्षेप: घाईत चुकीचा निर्णय होईल. बरोबर. एकच कोटेशन आलंय, अहवाल नोटिशीबरोबर वाटला नाही, खर्चाचा आकडा ऐनवेळी कोणीतरी हवेत फेकला, अशा वेळी मी स्वतः उभा राहून म्हणेन, ढकला. पण ढकलताना बोला: 'आणखी दोन कोटेशन अमुक दोघांनी आणायची, तुलनेचा तक्ता सगळ्यांना द्यायचा, आणि सभा २४ तारखेला सकाळी दहाला पुन्हा याच जागी.' याला म्हणतात तहकुबी. कारण, माणूस, तारीख. या तीनपैकी एकही नसेल तर ते नुसतं घोंगडं भिजत ठेवणं आहे.

आणि आपल्याला तारखा पाळता येत नाहीत असंही नाही हो. पाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीने १९९९ मध्ये सुरू केली, पुढे गावोगावी तिची नक्कल झाली. चित्ररथ, ढोल, लेझीम, शाळांची पथकं, सगळं पहाटे उठून वेळेवर. गणपतीच्या मांडवाचा खर्च आमच्या सोसायटीत वीस मिनिटांत मंजूर होतो कारण चतुर्थी पुढील सभेत घेता येत नाही. वरच्या पातळीवर मात्र आमच्यासारखंच चालतं. लोकपालाचं विधेयक पहिल्यांदा १९६८ मध्ये मांडलं गेलं, कायदा व्हायला २०१३ उजाडलं. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि दोन्हीकडे पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली वर्षं प्रशासकाची. नगरसेवक नाही म्हणून आपण सगळे खूप चिडलो होतो. त्याच काळात आपल्या सोसायटीच्या सभेला किती जण खाली उतरलो?

कारण, मंडळी, खरा राग मला सेक्रेटरीवर नाहीच. बिनपगारी काम करणाऱ्या निवृत्त माणसाला शिव्या घालणं सोपं आहे. माझा राग आपल्या वयाच्या लोकांवर आहे. पस्तिशीचे, होमलोनवाले, हापिसात दर सोमवारी 'ॲक्शन आयटम कोणाकडे, ड्यू डेट काय' असं तोंड वर करून विचारणारे आपण, रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मुकाट असतो, किंवा नसतोच. मेगाब्लॉक होता, मुलाचा क्लास होता, क्लायंटचा कॉल होता. मग संध्याकाळी व्हॉट्सॅप ग्रुपवर अंगठे. व्हॉट्सॅपवरचा अंगठा हा ठराव नसतो, आणि ग्रुपवर घेतलेला पोल इतिवृत्तात येत नाही. सभेला वीस माणसं (किंवा दोन-तृतीयांश, जे कमी असेल ते) नसली की अर्ध्या तासाने तीच सभा गणपूर्तीशिवाय भरते आणि मूळ विषयपत्रिकेवरचं सगळं काम करू शकते. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतंच. म्हणजे दहाच्या सभेला साडेदहाला जे नऊजण बसलेले असतात तेच 'सर्वानुमते'.

तर पुढच्या सप्टेंबरात करायचं काय? खाली उतरायचं. आणि अध्यक्ष 'बरं, हे पुढच्या सभेत घेऊ' म्हणाले की शांतपणे हात वर करून एवढंच म्हणायचं: "माझी सूचना आहे की हा विषय उपविधीप्रमाणे तीस दिवसांच्या आत अमुक तारखेपर्यंत तहकूब करावा, आणि तोवर अमुक काम अमक्याने करावं. मतास टाकावी." अनुमोदक आदल्या दिवशीच पकडून ठेवायचा. सूचना पडली तरी हरकत नाही, कोणी विरोध केला हे निदान रजिस्टरमध्ये येईल. आवाज चढवायची गरज नाही. इतिवृत्ताचा मसुदा आला की आपलं वाक्य त्यात आहे का ते बघायचं, नसेल तर लेखी कळवायचं.

तारीख दिलीच नाही तर कलम ७६ आहे. एक-पंचमांश सभासदांनी सही करून लेखी मागणी केली की समितीला महिन्याभरात विशेष सभा बोलवावी लागते, आणि नाही बोलावली तर निबंधकांना ती बोलवायचा अधिकार आहे. आमच्या ४८ सभासदांत दहा सह्या लागतात. अर्जात विषय नेमका लिहा, 'दुरुस्तीबाबत चर्चा' असं मोघम नको, 'स्ट्रक्चरल ऑडिटरची नेमणूक करणे व त्याच्या शुल्कास मंजुरी देणे' असं. सही मालकाची हवी, भाडेकरूची चालत नाही. अर्जाची पोच घ्या. आणि एक गोष्ट विसरू नका: समितीने बोलावलेली सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, पण सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली सभा अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर तहकूब होत नाही, बरखास्त होते. तेव्हा सह्या दहाच पुरतात, पण खाली वीस माणसं वेळेवर उतरवावी लागतात. आदल्या रात्री दारोदार फिरून सांगा, ग्रुपवर मेसेज टाकून नव्हे. आणि त्या रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आधी बघून घ्या.